ड्रायव्हरची सीडी
माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ड्रायव्हरच्या सीड्यांचा डबाच होता. प्रिंटर एकच, पण विंडोजची सीडी वेगळी, मॅकची वेगळी. लिनक्सवाल्या पोरांनी आपापलं नशीब आजमावायचं. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली निराळी ना! मायकेल स्वीट यांचं ‘कप्स’ हे लिनक्ससारख्या प्रणालींसाठीचं छपाईचं सॉफ्टवेअर १९९९ मध्ये आलं, २००२ मध्ये ते मॅकमध्येही गेलं. पण गाठ खरी सुटू लागली ती २०१३ च्या ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ या मानकानं. यात प्रिंटर स्वतःच नेटवर्कवर सांगतो: रंगीत छापतो, पाठपोट छापतो, ए-४ चालतो. संगणक मग ठरलेल्या स्वरूपात पान पाठवतो. कंपनीचा ड्रायव्हर लागतच नाही. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. पावत्या छापणारा माझा जुना डॉट मॅट्रिक्स मात्र अजून ड्रायव्हरच मागतो.