तीन अंशांच्या उताराखाली

घाटकोपर, कुर्ला, जरीमरी या पट्ट्यात राहणाऱ्यांनी एक प्रयोग जरूर करून पाहावा. गच्चीवर मोकळ्या लादीवर उभं राहायचं. विमान डोक्यावर आलं की पटकन उकिडवं बसून मान खाली घालायची, कान जमिनीपासून हातभर अंतरावर येईल इतकी. विमानाच्या घरघरीत मिसळलेला एक सूर चटकन वर चढेल. उठून उभे राहा, तो खाली उतरेल. विमान तेच, इंजिन तेच, बदलली ती फक्त कानाची उंची!

घडतं ते असं. आवाज आपल्या कानावर दोनदा येतो. एकदा थेट विमानाकडून आणि दुसऱ्यांदा लादीवर आपटून. उभ्या माणसाचा कान दीड मीटर उंचीवर धरला, तर हा दुसरा आवाज तीन मीटर जास्त चालून येतो, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही थोड्या कमी वेळाने मागे पडतो. असे मागेपुढे झालेले दोन आवाज एकत्र आले की काही कंपनं एकमेकांना बळ देतात, काही एकमेकांना पुसून टाकतात आणि निव्वळ गोंगाटातून सूर उमटतो. कान खाली नेला की वाट आखूड होते, सूर चढतो. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने ही गोष्ट १६९३ मध्ये नोंदवून ठेवली आहे. तेव्हा विमानं कुठली असायला? फ्रान्समधल्या शांतिलीच्या बागेत एक कारंजं होतं आणि जवळच दगडी पायऱ्यांचा जिना. कारंज्याचा सळसळाट पायऱ्यांवरून परतताना त्याला त्यात सूर ऐकू आला. तीनशेहून अधिक वर्षांनंतर तोच सूर घाटकोपरच्या गच्चीवर रोज वाजतो आहे, आणि आपण खिडकी लावून घेतो आहोत.

हा आवाज नेमका याच वस्त्यांच्या वाट्याला का आला, याचं उत्तर वाऱ्यात आहे. विमान वाऱ्याच्या समोरून उतरतं. मुंबईत वारा बहुतेक वेळ समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणून विमानं पूर्वेकडून येतात आणि मुख्य धावपट्टीवर पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. त्या टोकाला लिहिलेला २७ हा आकडा म्हणजे होकायंत्रावरचे २७० अंश, म्हणजेच पश्चिम. उतरण्याचा कोन साधारण तीन अंशांचा असतो. एवढ्यावरून आपल्या डोक्यावरची उंची कुणालाही काढता येते: धावपट्टीपासून दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. बारा किलोमीटरवर, खाडीपलीकडच्या वाशीच्या बाजूला, विमान साधारण साडेसहाशे मीटरवर असतं. अडीच किलोमीटरवर, घाटकोपरच्या आसपास, ते दीडशे मीटरांच्याही जरा खाली येतं. मुंबईत यापेक्षा उंच टॉवर उभे आहेत.

मुंबईची दुसरी धावपट्टी पहिलीला छेदून जाते, त्यामुळे एका वेळी एकच वापरावी लागते. अशाही अवस्थेत डिसेंबर २०१८ मध्ये इथे २४ तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली. सरासरी काढली तर दर ८६ सेकंदांना एक विमान. हे पेलणाऱ्या नियंत्रकांचं आणि वैमानिकांचं कौशल्य खरोखर थक्क करणारं आहे. पण खाली राहणाऱ्याला त्यातून उसंत मिळत नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या दोन धावपट्ट्या समांतर आहेत. विमानं पश्चिमेकडे उतरत असतील, तर तिथे दुपारी तीनला उतरण्याची धावपट्टी बदलतात. एका पट्ट्यातली माणसं सकाळ सोसतात, दुसऱ्यातली संध्याकाळ. मुंबईत छेदणाऱ्या धावपट्ट्यांनी ती सोयच ठेवलेली नाही.

उतरणाऱ्या विमानाच्या आवाजाला आपण इंजिनाचा आवाज म्हणतो. प्रत्यक्षात तेव्हा इंजिनाचा जोर बराच कमी केलेला असतो. आवाजाचा मोठा वाटा असतो हवेचा. बाहेर आलेली चाकं, त्यांचे दांडे, पंखांच्या मागच्या खाली वळवलेल्या झडपा यांना आपटून हवा फाटते आणि गर्जते. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या ए-३२० जातीच्या विमानांचं तर आणखी एक वैशिष्ट्य. त्यांच्या पंखाच्या खालच्या बाजूला, इंधनाच्या टाक्यांचा दाब सांभाळण्यासाठी, गोल भोकं असतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती जशी वाजते, तशी वेगाने जाणाऱ्या हवेमुळे ही भोकं वाजतात. विमानतळापासून बरंच लांब, चाकं अजून आत असताना जी बारीक शीळ ऐकू येते, ती बऱ्याचदा हीच. उपाय सापडला तोही अगदी छोटा: भोकाच्या पुढे धातूचा एक लहानसा तुकडा बसवायचा. तो हवेला भोवरा देतो आणि भोकाचं वाजणं बंद होतं. लुफ्थान्सा कंपनीने २०१४ पासून आपल्या विमानांना हे तुकडे बसवायला सुरुवात केली.

उड्डाणाचा आवाज, जो धावपट्टीच्या पश्चिमेकडच्या पार्ले-जुहूकरांच्या वाट्याला येतो, मात्र इंजिनाचाच. जेम्स लाइटहिल या इंग्रज गणितज्ञाने १९५२ मध्ये दाखवून दिलं की इंजिनातून सुटणाऱ्या झोताचा आवाज त्याच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. वेग निम्मा केला, तर आवाजाची शक्ती २५६ पटींनी घटते! आजच्या इंजिनांची तोंडं इतकी रुंद का, याचं एक कारण इथे आहे. थोडी हवा सुसाट फेकण्याऐवजी भरपूर हवा सावकाश ढकलायची. तेवढाच रेटा मिळतो, इंधन वाचतं आणि आवाज पडतो. एका समीकरणाने कोट्यवधी लोकांच्या झोपेला इतका हातभार लावल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मग एकेक विमान शांत होत गेलं, तरी त्रास का उरतो? विमानांची संख्या वाढली हे झालंच. पण आपल्या खिडक्याही पाहा. भिंत कितीही जाड असो, तिच्या शंभराव्या भागाएवढी फट उघडी राहिली, तर आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त कमी होऊच शकत नाही. आपल्या उकाड्यात सरकत्या खिडकीची तेवढी फट तर कायमचीच.

‘सवय होते हो’, असं विमानांच्या वाटेखाली राहणारे लोक सांगतात. कान मात्र झोपेतही बंद होत नाही. युरोपातल्या चार विमानतळांजवळच्या १४० माणसांचा रक्तदाब संशोधकांनी रात्रभर मोजला. विमान गेलं की वरचा रक्तदाब सरासरी सहा मिलिमीटरने चढत होता. माणूस जागा झाला नाही, तरीही चढत होता. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवय मनाला होते, रक्तवाहिन्यांना नाही.

आणि मुलांना? याचं उत्तर म्युनिकने दिलं, आणि ज्या पद्धतीने दिलं ती मला या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. १७ मे १९९२ रोजी तिथला जुना विमानतळ बंद झाला आणि शहराबाहेर नवा सुरू झाला. एका रात्रीत एका परिसरातला आवाज उचलून दुसरीकडे नेला गेला. कुठल्याही प्रयोगशाळेला असा प्रयोग मांडता आला नसता. स्टाफन हिग्गे, गॅरी इव्हान्स आणि मोनिका बुलिंगर या संशोधकांनी दोन्हीकडच्या शाळकरी मुलांची स्थलांतराआधी चाचणी घेतली होती. नंतरही दोनदा घेतली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घकाळची स्मरणशक्ती मागे पडली. जुन्याजवळच्या मुलांची मात्र सुधारली. म्हणजे आवाज थांबला की झालेलं नुकसान भरूनही येतं.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे, म्हणजे तिथली वर्दळ वाढतच जाणार. त्याच्या शेजारच्या उलवे-पनवेलच्या शाळांनी आणि पालकांनी थांबू नये. वर्गातले डेसिबल आजच मोजावेत, मुलांच्या वाचनाची नोंद आजच करून ठेवावी, कुर्ला-घाटकोपरच्या शाळांनीही. आणखी एक मागणी आताच लावून धरायला हवी. नवी मुंबईच्या आराखड्यात दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या समांतर आहेत. दुसरी तयार होईल तेव्हा हीथ्रोसारखी पाळी लावणं तिथे शक्य होईल.