देह कुणाचा? – लेखांक ५ : ‘जिवाला धोका’ ठरवणार कोण?

गेल्या आठवड्यात आपण २४ जून २०२२चा ‘डॉब्स’ निकाल पाहिला. १९७३च्या ‘रो विरुद्ध वेड’ने अमेरिकी स्त्रियांना दिलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क त्या दिवशी संपला आणि निर्णय राज्यांच्या हाती गेला. बंदी घालणाऱ्या राज्यांतले समर्थक एक गोष्ट हमखास सांगतात : आईच्या जिवाला धोका असेल तर सवलत आहेच. कागदावर ते खरे आहे. तो कागद रुग्णालयात पोचल्यावर काय होते, ते आज पाहू.

समजा, सतराव्या आठवड्यातच गर्भजल वाहून गेले. गर्भ वाचण्याची आशा जवळपास नाही, पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू आहेत. गर्भाशय वेळीच रिकामे केले नाही तर जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो. पण टेक्सासमध्ये बेकायदा गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय किमान एक लाख डॉलर दंड आणि परवाना जाण्याची भीती. मग डॉक्टर थांबतात, ताप चढण्याची वाट पाहिली जाते. सवलत मिळण्यासाठी बाईला पुरेसे आजारी पडावे लागते आणि ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे तिच्यासमोरचा डॉक्टर ठरवतो.

वर्णभेद शिरतो तो इथेच. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६मध्ये गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि निवासी डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. ‘काळ्या माणसांची त्वचा जाड असते’ अशांसारखी एखादी तरी खोटी समजूत त्यांतल्या निम्म्या जणांना खरी वाटत होती. असे मानणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी धरली. आकडेमोडही यातून सुटली नव्हती. आधी सिझेरियन झालेल्या बाईचे पुढचे बाळंतपण नैसर्गिक होईल का, याचा अंदाज देणारे एक गणनसाधन अमेरिकेत वापरात होते. त्यात बाई कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक असल्याची नोंद केली की यशाची शक्यता आपोआप घटे. वंशाचा हा निकष २०२१मध्ये वगळला गेला.

परिणाम मृत्यूच्या नोंदींत दिसतो. २०२३मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांत १४.५ होते, कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३. हा निव्वळ गरिबीचा खेळ म्हणावा, तर २००७ ते २०१६ची सरकारी आकडेवारी आड येते : पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीला असलेला धोका शालेय शिक्षणही पूर्ण न झालेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षा जास्त होता. टेनिसपटू सेरेना विल्यम्स २०१७मध्ये बाळंत झाली, तेव्हा फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्याचे तिने स्वतःच ओळखले. पूर्वी तसे झाले असल्याने कोणती तपासणी हवी, हेही तिने सांगितले. वेदनाशामकांमुळे ती गोंधळली असावी, असे परिचारिकेला वाटले. ती हटून बसली म्हणून सीटी स्कॅन झाला आणि गुठळ्या सापडल्या.

बाईचे न ऐकण्याला दुसरी बाजूही आहे. ‘रो’चा निकाल आला त्याच १९७३ साली अलाबामातील माँटगोमेरीत १४ आणि १२ वर्षांच्या दोन कृष्णवर्णीय बहिणींची नसबंदी करण्यात आली. निरक्षर आईने कागदावर फुली मारली होती. कशासाठी, ते तिला ठाऊक नव्हते. म्हणून १९९४मध्ये शिकागोत जमलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या स्त्रियांनी केवळ गर्भपाताच्या हक्कावर न थांबता ‘प्रजनन न्याय’ मागितला : मूल न होऊ देण्याचा, होऊ देण्याचा आणि झालेले मूल सुरक्षित वाढवण्याचा हक्क.

तेव्हा सवलतीचे कलम अधिक रुंद केले की प्रश्न मिटेल, हे म्हणणे अपुरे आहे. कलम कितीही उदार असो, ते बाईपर्यंत पोचते दुसऱ्याच्या अंदाजातून. आणि तिच्या दुखण्यावर विश्वास न ठेवण्याची सवय त्या अंदाजात आधीपासून मुरलेली आहे. बंदीने या सवयीला कायद्याचे बळ दिले.

पुढील आठवड्यात : १९७६ची हाइड दुरुस्ती. हक्क असूनही पैशाअभावी तो कुणाला वापरता आला नाही?