क्रोन्सचा आजार : दवाखान्यात दाखल मुलाजवळ बसताना

एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा वाळत चालला, सारखा संडासला पळू लागला, की त्याला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. "बाहेरचं अरबट-चरबट खातो", "परीक्षा आली की याचं पोट दुखतं". आम्ही सिस्टर म्हणून वॉर्डात होतो तेव्हा दहावीतला असाच एक मुलगा दाखल झाला. कित्येक महिन्यांची पोटदुखी, उतरलेले वजन, हाताला लागणारी बरगडी न् बरगडी. दुसऱ्या रात्री तो सारखा हाका मारीत होता. आम्ही म्हणालो, "अरे, आत्ताच तर इंजेक्शन दिलं. जरा सोसायला शीक." पहाटे त्याचे पोट फुगून टणक झाले, हिरवी उलटी झाली. आतडे अडले होते. तातडीने ऑपरेशन झाले आणि मुलगा वाचला. पण त्या रात्री त्याचे ऐकले नाही, ही चूक आमची होती. ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

हा आजार आहे तरी काय?

1932 साली अमेरिकेतील डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्याला क्रोन्सचा आजार म्हणतात. यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही सूज आणि जखमा होऊ शकतात. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथे त्या जास्त आढळतात. हा आजार संसर्गजन्य नाही. मुलाने चुकीचे खाल्ले म्हणून किंवा आईने दुर्लक्ष केले म्हणून तो होत नाही. करणी, नजर यांचा तर काहीच संबंध नाही. तो मुळापासून बरा करणारे औषध अजून नसले तरी योग्य उपचाराने तो वर्षानुवर्षे शांत ठेवता येतो.

आपल्या देशात एक अडचण आहे. आतड्याचा क्षयरोग, म्हणजे टीबी, दिसायला जवळपास असाच असतो आणि आतड्याच्या त्याच भागात होतो. दोन्ही आजारांत वजन उतरते, ताप येतो, पोट दुखते. म्हणून दुर्बिणीने तपासणी करून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवतात. तरीही कधी कधी आधी टीबीची औषधे देऊन फरक पडतो का ते पाहावे लागते. निदानाला वेळ लागतोय म्हणून दवाखाने बदलत फिरू नका. बदलावाच लागला तर जुने सगळे कागद एका पिशवीत सोबत ठेवा.

दाखल का करावे लागते?

सूज पुन्हा पुन्हा आली की आतडे अरुंद होते आणि अन्न पुढे सरकत नाही. कधी पोटात पू साठतो. कधी आतड्यातून दुसऱ्या अवयवात किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेपर्यंत वाट पडते, तिला फिस्तुला म्हणतात. रक्त कमी होते, उंची वाढायची थांबते, वयात येणे लांबते. वॉर्डात मग सलाईन, पोट रिकामे ठेवण्यासाठी नाकातून नळी, प्रतिजैविके, सीटी किंवा एमआरआय, पू काढायला नळी असे उपचार होतात. काहींना ऑपरेशन लागते. कोणती नळी कशासाठी आहे हे सिस्टरला विचारा आणि मुलालाही समजावून सांगा. कळले की भीती कमी होते.

जवळ बसणाऱ्याने काय करावे?

पहिले काम म्हणजे विश्वास ठेवणे. "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आता किती?" असे विचारा आणि आकडा वेळेसह वहीत लिहा. ताप, उलटी, संडास, लघवी यांचीही नोंद ठेवा. राउंडच्या वेळी ही वही फार उपयोगी पडते. पोट टणक झाले, हिरवी उलटी झाली, संडास आणि वारा सरणे बंद झाले, थंडी वाजून ताप आला, रक्त पडले किंवा एक पाय सुजून दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच सिस्टरला बोलवा. त्यांनी दुर्लक्ष केले तर पुन्हा बोलवा, डॉक्टरांना बोलवायला सांगा. यात उद्धटपणा काही नाही.

तोंडाने काही द्यायचे नाही असे सांगितले असेल तर मायेपोटी चहा-बिस्कीट देऊ नका, आणि स्वतःचा डबा त्याच्यासमोर उघडू नका. काही मुलांना सहा ते आठ आठवडे जेवण बंद ठेवून फक्त पातळ पोषक आहार देतात. तो उपचारच आहे. त्यात घरचा लाडूही चालत नाही.

या वयात लाज फार असते. गुदद्वाराची तपासणी, संडासचे भांडे, सगळ्या वॉर्डासमोर "किती वेळा झाली?" हा प्रश्न. पडदा ओढायला सांगा. मुलीच्या तपासणीला सोबत बाई असावी असा आग्रह धरा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आजाराचे वर्णन ऐकवू नका. डॉक्टर विचारतील तेव्हा आधी मुलाला बोलू द्या, राहिलेले तुम्ही सांगा. पोटावर संडासची पिशवी बसण्याची शक्यता असेल तर ते त्याच्यापासून लपवू नका. अनेकदा ती काही महिन्यांपुरतीच असते, पण शुद्धीवर आल्यावर अचानक दिसली तर मूल कोसळते.

औषध, पैसा, शाळा

स्टेरॉइडने चेहरा सुजतो, पुटकुळ्या येतात, चिडचिड होते. म्हणून किंवा बरे वाटले म्हणून ते एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून देऊ नका, त्यांनी आजार उसळू शकतो. महागडी जैविक इंजेक्शने सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झाली का ते विचारा. रोगप्रतिकारक शक्ती दाबणारी औषधे चालू असताना कोणतीही लस डॉक्टरांना विचारूनच द्या. विडी-सिगारेटपासून मुलाला दूर ठेवा, आणि घरातल्या मोठ्यांनीही ती सोडावी.

दाखल झाल्या दिवशीच समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालय असेल तर तिथे आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन कोणता उपचार योजनेत बसतो ते त्याला विचारा. दागिने गहाण टाकण्याआधी एवढे करा. शाळेला डॉक्टरांचे पत्र द्या आणि मुलाला वर्गातून विचारल्याशिवाय संडासला जाता यावे एवढी सोय मागून घ्या. आणि आईला एकटीला महिनाभर स्टुलावर बसवू नका. काका, मावशी, शेजारी यांनी पाळ्या लावाव्यात. रात्रभर जागलेल्या माणसाच्या नजरेतून धोक्याची खूण सहज सुटते.

त्या मुलाला घरी सोडले त्या दिवशी तो आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "सिस्टर, मी खोटं नव्हतो बोलत." आम्ही त्याची माफी मागितली. तुमच्या घरातले मूल उद्या पोट धरून बसले, तर हे वाक्य त्याच्या तोंडी येण्याआधीच त्याचे ऐका.