नेमलेला वकील, मिळालेला वेळ

नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार आणि तिचा खून. या आरोपाखालचा एक तरुण १९ फेब्रुवारी २०१३ रोजी मध्य प्रदेशातील खंडव्याच्या सत्र न्यायालयात उभा होता. विधी सेवेकडून आधी नेमलेले वकील त्या दिवशी आलेच नाहीत. न्यायालयाने तिथल्या तिथे दुसरे वकील दिले आणि त्याच दिवशी आरोप निश्चित केले. ४ मार्चला निकाल लागला. शिक्षा फाशीची. चार्जशीट वाचणे, आरोपीला भेटणे, डीएनए अहवाल समजून घेणे, डॉक्टरांची उलटतपासणी, सारे काही या दोन आठवड्यांच्या आत उरकले होते.

उच्च न्यायालयाने ही फाशी कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर २०१९ मध्ये ती रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. पुढे २०२४ मध्ये खंडव्याच्याच न्यायालयाने या तरुणाला निर्दोष सोडले. अकरा वर्षे एका माणसाची गेली आणि त्या मुलीच्या आईबापांनाही उत्तर मिळाले नाही. घाईत उरकलेला बचाव फिर्यादीच्याही कामाचा नसतो.

फुकट वकील हा हक्क आहे, हे ठामपणे सांगणारा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच खटल्यातून आला. बनावट विद्यापीठ-पदव्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने होसकोट नावाच्या आरोपीला तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयात यायला त्यांना चार वर्षांहून अधिक उशीर झाला. निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत दिली होती, असे तुरुंग प्रशासन सांगत होते, पण त्यांच्याकडे कैद्याच्या सहीची पोच नव्हती. १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी होसकोट यांचा अर्ज फेटाळला. मात्र त्याच निकालात त्यांनी बजावले की, कैद्याला निकालाची प्रत मोफत द्यावी, पोच घ्यावी आणि अपिलासाठी ऐपत नसेल तर वकील सरकारी खर्चाने द्यावा.

पुढची पावले बिहार आणि अरुणाचलच्या खटल्यांतून पडली. भागलपूरच्या अंधीकरण प्रकरणात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, हा हक्क पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभे करतात तेव्हापासूनच लागू होतो आणि तो आरोपीला सांगणे हे मॅजिस्ट्रेटचे काम आहे. सुखदास खटल्यात १९८६ मध्ये ठरले की, आरोपीने वकील मागितला नाही, ही सबब चालणार नाही. ९ नोव्हेंबर १९९५ पासून विधी सेवा प्राधिकरण कायदा लागू झाला. त्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

२६/११ च्या खटल्यात कसाबचे वकीलपत्र घ्यायला मुंबईत वकील तयार होईनात, तेव्हा न्यायालयानेच वकील नेमले. २०१२ मध्ये त्याची फाशी कायम करतानाच सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या मॅजिस्ट्रेटना बजावले की, पहिल्याच हजेरीला वकिलाविषयी विचारा. कुचराई केलीत तर खात्यामार्फत कारवाई होईल. इतक्या घोर गुन्ह्यातही शिक्षा टिकली, कारण बचावाला खरी संधी दिली गेली होती.

तरीही देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांच्यासाठी विधी सेवेच्या पॅनलवरच्या वकिलाला केसमागे तुटपुंजे मानधन मिळे आणि पोट मात्र खासगी कामावर भरे. म्हणून २०२२ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली. त्यात मुख्य, उपमुख्य आणि सहायक असे वकील असतात आणि त्यांना खासगी वकिली करता येत नाही. दिशा योग्य आहे. पण एकाच वकिलाच्या टेबलावर फायलींचा ढीग लागला, तर जुनेच दुखणे नव्या नावाने चालू राहील.

खंडवा प्रकरणात न्या. उदय लळीत यांच्या पीठाने मोजमाप घालून दिले आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात किमान दहा वर्षांचा अनुभव असलेला वकील हवा. तयारीला साधारण सात दिवस तरी हवेत आणि आरोपीशी भेट व बोलणे व्हायला हवे. या तीन गोष्टींची नोंद प्रत्येक सत्र न्यायालयाच्या रोजनाम्यात व्हावी. वकील नेमल्याची तारीख तिथे असतेच. तो आरोपीला कधी भेटला, तेही लिहिले गेले पाहिजे.