हिशेब चुकला, तर मेहुणाही अपात्र

कारभाऱ्याने हिशेब दिला नाही, तर त्याची झळ कोणास लागावी? या प्रश्नाचे उत्तर तमिळनाडूच्या कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तिरमेरूर या लहानशा प्राचीन नगरीने दगडावर कोरून ठेविले आहे. तेथील वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकीर्दीतील, इ. स. ९१९ व ९२१ चे, दोन लेख आहेत.

वस्तीचे ३० प्रभाग होते. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घटात टाकीत व अजाण मुलाच्या हातून एक चिठ्ठी काढवीत. ती घेणाऱ्याने पाचही बोटे पसरून उघड्या तळहातावर घ्यावी, असा दंडक होता. हातचलाखीस वावच नको! निवडलेल्या ३० जणांपैकी १२ वार्षिक समितीवर, १२ उद्यान समितीवर व ६ तलाव समितीवर जात. मुदत ३६० दिवसांची. हिशेब न देणारा पुन्हा निवडीस अपात्र ठरे. आणि त्याच्यासवे त्याचा मामा, सासरा, मेहुणा व जावईदेखील!

मात्र, वाचकहो, केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. त्या घटात नावे पडत, ती जमीन बाळगणाऱ्या, वेदज्ञ ब्राह्मण पुरुषांचीच. स्त्रिया व भूमिहीन यांना तेथे स्थान नव्हते. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींत व नगरपालिकांत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून, तसेच अनुसूचित जाती-जमातींनाही राखीव जागा देऊन, हे दार रुंद केले.

दार रुंद झाले, हे उत्तमच. परंतु आपल्या गावच्या तलावाचा हिशेब आपल्या घरातून शेवटचा कोणी व केव्हा विचारला, हे आज जेवताना एकमेकांस अवश्य विचारून पाहा.