धरणाचा तळ आणि ध्वनीचा वेग

बीड जिल्ह्यात पावसाळा सरत आला की माजलगाव आणि मांजरा या दोन धरणांच्या साठ्याची टक्केवारी वर्तमानपत्रांत ठळकपणे छापली जाते आणि रब्बीच्या आवर्तनांपासून शहरांच्या पिण्याच्या पाण्यापर्यंतचे अनेक निर्णय तिच्या आधाराने घेतले जातात. ही टक्केवारी प्रत्यक्ष पाणी मोजून काढलेली नसते. धरणाजवळील मोजपट्टीवर पाण्याची पातळी वाचली जाते आणि त्या पातळीला जलाशयात किती पाणी मावते हे ‘पातळी-क्षमता सारणी’ नावाच्या तक्त्यात पाहून साठा जाहीर होतो. धरण बांधण्यापूर्वी कोरड्या दरीचा उंचसखलपणा मोजून पहिली सारणी तयार केली जाते. पुढे नदीने आणलेला गाळ तळाशी बसत जातो, दरीचा आकार बदलतो आणि सारणी जुनी होते. ती नव्याने करायची तर पाण्याखालचा तळ पुन्हा मोजावा लागतो. हे मोजमाप ध्वनीच्या साहाय्याने होत असल्यामुळे त्याची सारी विश्वासार्हता एका आकड्यावर येऊन ठेपते, आणि तो आकडा म्हणजे त्या दिवशी त्या पाण्यातील ध्वनीचा वेग.

माजलगाव धरण हे जायकवाडी प्रकल्पाचा दुसरा टप्पा आहे. पाटोदा तालुक्यातील डोंगरात उगम पावणाऱ्या सिंदफणा नदीवर ते उभे असून सिंदफणेच्या स्वतःच्या पाण्याखेरीज पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, निघणाऱ्या १३२ किलोमीटर लांबीच्या उजव्या कालव्याचे पाणीही त्यात येते. त्याची एकूण साठवण क्षमता ४५४ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, धरली जाते. त्यापैकी ३१२ दलघमी जिवंत साठा, म्हणजे कालव्याच्या दारांतून सोडता येणारे पाणी, आणि १४२ दलघमी मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखाली राहणारे पाणी होय. केज तालुक्यातील धनेगाव येथे असलेल्या मांजरा धरणाची एकूण क्षमता सुमारे २२४ दलघमी आहे आणि त्यात मृतसाठा ४७ दलघमीचा आहे. मृतसाठ्यावर अवर्षणाच्या वर्षी उपसा करूनच शहरे जगतात. २०१६ मध्ये मांजरा कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही घटना मराठवाड्यात कोणीही विसरलेले नाही. गाळाचा मोठा भाग याच खालच्या थरात साचतो, आणि म्हणून तळाचे मोजमाप सर्वांत आवश्यक असते ते येथेच.

जलाशयातील गाळाचा अंदाज घेण्याची एक स्वस्त पद्धत उपग्रहचित्रांची आहे. वर्षभरात पाण्याची पातळी उतरत जाताना वेगवेगळ्या दिवशीच्या चित्रांवरून पाण्याचा पसारा मोजतात आणि त्यावरून दोन पातळ्यांमधील आकारमान काढतात. परंतु पाणी ज्या पातळीपर्यंत उतरले त्याखालचे काहीही उपग्रहाला दिसत नाही. त्याखालचा तळ मोजण्यासाठी नाव घेऊन पाण्यावर जावे लागते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, आणि १९१६ मध्ये स्थापन झालेले खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र या दोन्ही संस्था जलाशयांच्या अशा कामांत अनुभवी आहेत.

पूर्वी तळ मोजण्यासाठी शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडली जाई, आणि एकेका ठिकाणची खोली घेण्यात वेळ तर जाईच, शिवाय प्रवाहात दोरी तिरपी झाली की खोली जास्त भरे. आता इको साउंडर नावाचे यंत्र हे काम करते. नावेच्या तळाशी बसवलेल्या ट्रान्सड्यूसरमधून, म्हणजे विजेचे रूपांतर ध्वनीत आणि ध्वनीचे विजेत करणाऱ्या घटकातून, उच्च वारंवारतेचा एक लहानसा स्पंद खाली सोडला जातो, तळावर आपटून परतणारा प्रतिध्वनी तोच घटक टिपतो आणि मधला वेळ मोजला जातो. हा वेळ ध्वनीच्या वेगाने गुणून निम्मा केला की खोली मिळते. तळ २० मीटर खोल असेल तर हा जाण्यायेण्याचा प्रवास सेकंदाच्या सुमारे सत्तावीस हजारांश भागात पुरा होतो. नावेची जागा उपग्रहाधारित स्थाननिश्चितीने त्याच क्षणी नोंदवली जाते आणि ठरावीक अंतरावरील समांतर रेषांवरून नाव फिरवत नेली की हजारो बिंदूंच्या खोलींचा नकाशा तयार होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते की, यंत्र खोली मोजत नाही, ते फक्त वेळ मोजते. वेग त्याला माणसाने सांगावा लागतो. यंत्रात बहुधा १५०० मीटर प्रतिसेकंद असा सोयीस्कर आकडा आधीपासून भरलेला असतो आणि तो बदलला नाही तरी पडद्यावर खोली नीटनेटकी दिसत राहते. चूक लपून राहते ती यामुळेच.

पाण्यातील ध्वनीचा वेग प्रथम काळजीपूर्वक मोजला गेला तोही एका सरोवरात. १८२६ मध्ये ज्याँ-दानिएल कोलादाँ आणि गणितज्ञ शार्ल स्तुर्म यांनी जिनिव्हा सरोवरात दोन नावा सुमारे साडेतेरा किलोमीटर अंतरावर उभ्या केल्या. एका नावेवरून पाण्यात बुडवलेल्या घंटेवर टोला पडताच त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडे. दुसऱ्या नावेवर पाण्यात बुडवलेल्या लांब कर्ण्याला कान लावून बसलेला निरीक्षक भडका दिसल्यापासून घंटानाद ऐकू येईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजे. हा वेळ नऊ सेकंदांहून थोडा अधिक भरला आणि आठ अंश सेल्सिअस तापमानाच्या त्या पाण्यात वेग १४३५ मीटर प्रतिसेकंद निघाला. आजच्या मोजमापांनुसार तो आकडा केवळ चार-पाच मीटरनी कमी आहे. दिव्याच्या उजेडात, हातातील घड्याळाने साधलेली ही अचूकता आजही थक्क करते.

हा वेग सर्वत्र एकच का नसतो, याचे उत्तर पाण्याच्या घडणीत आहे. ध्वनी म्हणजे दाबाची लाट. पाणी जितके दाबायला कठीण तितकी ती वेगाने पुढे जाते आणि पाणी जितके घन तितकी ती मंदावते. पाणी तापले की त्याची घनता किंचित घटते, आणि काही मर्यादेपर्यंत ते दाबायलाही अधिक कठीण होत जाते. बहुतेक द्रवांमध्ये तापमान वाढताना ध्वनीचा वेग कमी होतो, पाण्यात मात्र तो जवळपास ७४ अंशांपर्यंत वाढत राहतो. गोड्या पाण्यात २० अंशांना हा वेग सुमारे १४८२ मीटर, २५ अंशांना १४९७ आणि ३० अंशांना १५०९ मीटर प्रतिसेकंद असतो. म्हणजे आपल्याकडील जलाशयांच्या नेहमीच्या तापमानात दर अंशामागे वेग पावणेतीन मीटरच्या आसपास वाढतो. क्षारांचा परिणाम समुद्रात मोठा असला तरी धरणाच्या पाण्यात एका लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार धरले तरी तो मीटरभराच्या आतच राहतो. खोलीमुळे वाढणाऱ्या दाबाचा परिणाम तर शंभर मीटरला दीड-पावणेदोन मीटर इतकाच असल्याने मराठवाड्यातील उथळ जलाशयांत तो सोडून दिला तरी चालतो. तापमान मात्र सोडून चालत नाही.

आता या आकड्यांचा साठ्याशी असलेला संबंध पाहावा. खोली ही वेळ आणि वेग यांच्या गुणाकारातून येत असल्यामुळे वेगात एक टक्का चूक झाली तर प्रत्येक बिंदूची खोली एक टक्क्याने चुकते आणि म्हणून त्या दिवशीच्या पाण्याखालील सर्व आकारमानही एक टक्क्याने चुकते. माजलगावच्या भरलेल्या जलाशयाला हे लावले तर चूक साडेचार दलघमीची, म्हणजे साडेचारशे कोटी लिटरची होते. डिसेंबरच्या थंडीत २२ अंशांच्या पाण्यात केलेले सर्वेक्षण आणि पावसाळ्यानंतर २८ अंशांच्या पाण्यात केलेले सर्वेक्षण, ही दोन्ही एकाच ठरीव वेगाने मांडली तर त्यांच्यात सुमारे एक टक्क्याची तफावत केवळ तापमानापोटी पडते. गाळामुळे दरवर्षी घटणारी क्षमता बहुतेक जलाशयांत टक्क्याच्या काही दशांशांत मोजावी लागते. अर्थात कित्येक वर्षांचा गाळ अशा एका चुकीत नाहीसा होऊ शकतो किंवा न आलेला गाळ कागदावर उभा राहू शकतो.

याच टक्क्यांवर मराठवाड्यात किती काही अवलंबून आहे हे वेगळे सांगायला नको. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने जायकवाडीचा साठा जिवंत साठ्याच्या ६५ टक्क्यांच्या खाली असल्यास ऊर्ध्व भागातील धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र घालून दिले. जायकवाडीचा जिवंत साठा २१७१ दलघमी असल्याने तेथील एक टक्का म्हणजे सुमारे २२ दलघमी पाणी होते. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा या वादात दोन्ही बाजूंनी जे आकडे मांडले जातात, ते सारे शेवटी एका सारणीतून आलेले असतात.

म्हणून सर्वेक्षणाच्या दिवशी ध्वनीचा वेग जागेवरच मोजला जातो. त्यासाठी नाव जलाशयाच्या खोल भागात, बहुधा भिंतीच्या अलीकडे जुन्या नदीपात्रावर, थांबवून इंजिन बंद केले जाते आणि दोरीला बांधलेला हातभर लांबीचा एक शोधक पाण्यात सोडला जातो. त्याच्या टोकाशी एक ध्वनिउत्सर्जक आणि समोर काही सेंटिमीटरवर एक परावर्तक पट्टी असते. दोहोंमधील अंतर कारखान्यातच काटेकोर मोजलेले असल्यामुळे तेवढे अंतर कापायला लागलेल्या वेळावरून वेग थेट मिळतो. जाऊन-येऊन दहा सेंटिमीटरचा हा प्रवास सेकंदाच्या सदुसष्ट दशलक्षांश भागात संपतो आणि वेगातील एक दशांश मीटरचा फरक ओळखायचा तर शोधकातील घड्याळाने सेकंदाच्या अब्जांश भागांपर्यंतचा फरक ओळखावा लागतो. शोधक आधी पृष्ठभागाजवळ काही वेळ धरून ठेवतात, कारण नावेत उन्हात तापलेले त्याचे कवच पाण्याच्या तापमानाला येईपर्यंत वाचन विश्वसनीय नसते. मग तो सावकाश खाली सोडला जातो आणि प्रत्येक खोलीचा वेग नोंदत तळापर्यंत जातो.

या नोंदीतून जो आलेख निघतो तो क्वचितच सरळ असतो. ऊन असताना वरचे पाणी तापते, ते हलके असल्याने वरच राहते आणि खालचे गार पाणी त्याखाली दबून राहते. दुपारी घेतलेला आलेख सकाळच्या आलेखाशी जुळत नाही आणि म्हणून दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा, तसेच पाण्याचा स्वभाव बदलेल त्या प्रत्येक भागात, हे मोजमाप पुन्हा करणे आवश्यक ठरते. माजलगावसारख्या जलाशयात कालव्याचे पाणी जेथे येऊन मिळते तो भाग आणि भिंतीजवळचा खोल भाग एकाच तापमानाचे असतील असे गृहीत धरण्यास काही आधार नाही.

शोधक नसेल तर जुनी आणि अजूनही खात्रीची युक्ती म्हणजे बार चेक. मोजून खुणा केलेल्या साखळ्यांनी एक लोखंडी पट्टी ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली दोन मीटर, चार मीटर, सहा मीटर अशी सोडली जाते आणि यंत्रावर तीच खोली दिसेपर्यंत वेगाचा आकडा बदलला जातो. या तपासणीत वेगाबरोबर ट्रान्सड्यूसर पाण्यात किती बुडालेला आहे याचीही चूक उघड होते. वेगाची चूक खोलीबरोबर वाढत जाते आणि बुडीची चूक सर्व खोलींवर सारखीच राहते, त्यामुळे दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. शोधक हाताशी असतानाही सकाळी एकदा बार चेक करणारा सर्वेक्षक अधिक भरवशाचा मानावा.

अनेक किरण पंख्यासारखे पसरून एकाच वेळी तळाचा रुंद पट्टा मोजणाऱ्या मल्टीबीम यंत्रात वेगाची चूक अधिक त्रास देते. तिरपा जाणारा ध्वनी गरम थरातून गार थरात शिरताना वळतो, आणि हे वळण हिशेबात घेतले नाही तर सपाट तळही नकाशावर कडांशी वर उचललेला किंवा खाली वाकलेला दिसतो. उथळ, पसरट जलाशयांत मात्र एका किरणाचे यंत्र पुरेसे पडते.

बीडच्या भूमीचे एक वैशिष्ट्य येथे आडवे येते. काळ्या मातीचा गाळ अत्यंत बारीक कणांचा असतो आणि तळाशी बसल्यावरही बराच काळ दाट रबडीसारखा राहतो. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी या मऊ थराच्या माथ्यावरूनच परततो, तर ३३ किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी त्यात शिरून खालच्या घट्ट थरावरून परततो. दोन्ही वारंवारतांनी एकाच वेळी मोजणाऱ्या यंत्रात तळाच्या दोन रेषा उमटतात आणि त्यांमधील अंतरावरून मऊ गाळाची जाडी कळते. मात्र मऊ चिखलातील ध्वनीचा वेग पाण्यापेक्षा एक-दोन टक्के कमी असू शकतो आणि कुजणाऱ्या वनस्पतींपासून निघालेले वायूचे बुडबुडे गाळात अडकलेले असतील तर सारे गणितच कोलमडते, कारण पाण्यात एक टक्का हवा मिसळली तरी ध्वनीचा वेग १५०० वरून सव्वाशे मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास घसरतो. अशा ठिकाणी तळातील गाळाचा नमुना प्रत्यक्ष काढून पाहण्याला पर्याय नाही.

२०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली तलावांतील गाळ काढून शेतात टाकला जातो. किती गाळ निघाला हे हायवांच्या फेऱ्यांवरून सांगितले जाते, परंतु धरणाची क्षमता खरोखर किती वाढली याचे उत्तर आधीच्या आणि नंतरच्या तळाची तुलना केल्याशिवाय मिळत नाही. जलाशयाच्या प्रत्येक सर्वेक्षण अहवालास त्या दिवसांच्या ध्वनिवेगाचे आलेख आणि बार चेकच्या नोंदी जोडणे सक्तीचे करावे, आणि अहवाल हाती आल्यावर पाणीवापर संस्थांनी व लोकप्रतिनिधींनी क्षमतेचा आकडा वाचण्यापूर्वी ते पान उघडून पाहावे.