मनाच्या प्रश्नावलीची पारख

तापमापक माद्रिदला न्यावा किंवा म्हैसुरास, त्याचा पारा ताप तोच दाखवितो. चिंता व खिन्नता यांची लक्षणे मोजणाऱ्या प्रश्नावलीचे तसे नाही. ती शब्दांची घडलेली असते आणि भाषा बदलली की शब्दांचे वजनही बदलते. झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ साली रुग्णालयातील रोग्यांसाठी चौदा प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली प्रसिद्ध केली. सात प्रश्न चिंतेविषयी, सात खिन्नतेविषयी. तीत भीतीसाठी ‘पोटातील फुलपाखरे’ हा इंग्रजी वाक्प्रचार येतो. स्पॅनिशमध्ये ही फुलपाखरे बहुधा प्रेमात पडलेल्याच्या पोटात उडतात! मराठी माणसाच्या पोटात भीतीने गोळा येतो. म्हणून अनुवादकाने अर्थ धरावा लागतो. नंतर दुसऱ्या अनुवादकाकडून, मूळ न दाखविता, त्याचे पुन्हा इंग्रजी करवून दोन्ही ताडून पाहतात.

एवढ्याने निम्मेच काम होते. प्रश्नावली ज्यास आजारी ठरविते तो खरोखर आजारी आहे काय, हे सविस्तर मुलाखतीशी पडताळावे लागते. या कसोटीस उतरणे म्हणजे सप्रमाणता. गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच प्रश्नावल्या अशा पारखल्या. ५९८ जणांची ही पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. सर्वच प्रश्नावल्या बऱ्यापैकी उतरल्या. तथापि शेकडा ३० जणांस विकार असेल अशा ठिकाणी, प्रश्नावलीने निवडलेल्या शंभरांपैकी ५१ ते ७७ जणच खरे रोगी असतील, असे दिसले.

हे प्रमाण जागेनुसार पालटते. समजा, एक प्रश्नावली शंभर रोग्यांपैकी ८० ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी ८० जणांस बरोबर वगळते. शंभर माणसांत ३० रोगी असल्यास तिला २४ रोगी सापडतील व १४ निरोगी त्यांत ओढले जातील. रोगी १० च असल्यास ८ सापडतील, पण १८ निरोगी गोवले जातील. अशा बेरजेवरून औषध सुरू करणे धोक्याचे होय. पुढे कोणाची मुलाखत घ्यावी, एवढेच तिने सांगावे.

आता म्हैसूर जिल्ह्यातील सरगूरचा विचार करावा. कपिलेकाठच्या या गावाची भाषा कन्नड. आसपासच्या वनप्रदेशातील जेनू कुरुबांची बोली निराळी. शहरी सुशिक्षितांवर पारखलेली कन्नड प्रश्नावली तेथे निरक्षर माणसास वाचून दाखवावी लागेल, आणि परक्यासमोर मनातले सांगताना माणूस संकोचतो. रोगी व निरोगी यांमधील गुणांची गोव्यात आखलेली सीमा तेथे गृहीत धरता येत नाही. मुलाखतींची पडताळणी सरगूर येथेच नव्याने करावी लागते.